गुडघ्यातल्या मुंग्या

मी काम करते त्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपचे साहेब, त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ बारामतीत दिवाळी अंक काढतात. एकदा ते आमच्या वर्कशॉपमध्ये आले होते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही माणसांचे गुडघे करता. त्यावर चार पानं लिहून द्या की. लोक आवडीनं वाचतील." मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांना कळलं नाही, कारण ते मलाही ठरवता आलं नव्हतं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदावर फुटतो, पण तो कागद चारचौघांत गेला तर मग फरक काय राहिला? म्हणून त्यांना काही दिलं नाही. पण त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. आता वर्कशॉपला मी गरज लागेल तेव्हाच जाते, दुपार मोकळी असते. म्हणून हे माझ्यापुरतं लिहून ठेवते आहे.

कृत्रिम पाय म्हटलं की लोक आधी पावलाकडं बघतात. बोटं हुबेहूब आहेत का, रंग जुळतो का. खरं म्हणजे पाऊल सोपं असतं. अवघड असतो तो सांधा. सांध्याचं काम काय, तर तो दुमडला पाहिजे आणि दुमडता कामा नये. माणूस बसायला लागला की दुमडला पाहिजे, उभा असला की दुमडता कामा नये. या दोन उलट्या गोष्टी एकाच लोखंडाला पटवून द्यायच्या, यातच माझं आयुष्य गेलं.

वयस्कर माणसांना आम्ही खटक्याचा गुडघा देतो. पाय सरळ केला की आतली स्प्रिंग लोखंडाची एक लहान जीभ समोरच्या खाचेत ढकलते. 'खट्' असा आवाज येतो आणि गुडघा कुलूप लावल्यासारखा पक्का होतो. बसायचं असेल तेव्हा मांडीजवळची तार ओढायची, जीभ मागं येते आणि गुडघा दुमडतो. ती तार सायकलच्या ब्रेकची असते. सायकलची तार कुणी आणली, तर मी आणली.

माझं माहेर डाळजचं. वडिलांचं हायवेला सायकलचं दुकान होतं. चौथी झाल्यावर पुढची शाळा लांब पडायची, म्हणून मी दुकानात बसायला लागले. मागच्या चाकाचं फ्रीव्हील उघडायचं, धुवायचं, ग्रीस भरून परत बसवायचं, हे काम माझ्याकडं असायचं. ज्यांनी फ्रीव्हील उघडून बघितलेलं नाही त्यांना सांगते, त्यात दोन बारीक जिभा असतात. त्यांच्यामुळं चाक एका बाजूला मोकळं फिरतं आणि दुसऱ्या बाजूला अडतं. मला लहानपणी त्याचं फार नवल वाटायचं. इतक्या लहान जिभेनं एवढा मोठा माणूस पुढं जातो. माझी जीभ तर आईला "भूक लागली" एवढंही सांगू शकत नव्हती.

लग्न होऊन बारामतीला आले आणि वर्कशॉपमध्ये पट्टे शिवायला लागले. एकदा साहेब एका गुडघ्यावर अडून बसले होते. मी मशीनवरून उठले, त्यांच्या टेबलावर एक जुनं फ्रीव्हील ठेवलं आणि परत येऊन बसले. बोलले काहीच नाही. साहेबांनी ते हातात घेऊन फिरवलं आणि मला बोलावलं. तेव्हापासून माझं बसणं पट्ट्यांकडून सांध्यांकडं सरकलं. आकडे आणि वजनाचा हिशेब साहेबांचा. आकार माझा. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून मी सांधा आधी कागदाचा करते, टाचणीवर फिरवून बघते, मग लोखंडाकडं जाते. नवा सांधा झाला की तो शिलाई मशीनच्या पायडलला बांधायचा आणि पट्टे शिवत बसायचं. माझा पाय हलतो, सांधा दुमडतो आणि सरळ होतो. दिवाळीपर्यंत टिकला तर तो सांधा चांगला. पट्टे शिवून होतात ते वेगळं.

या धंद्यात माझ्या लाजण्याचा फायदाच झाला. मी माणसाच्या तोंडाकडं बघत नाही, खाली बघते. गिऱ्हाइकाला वाटतं, बाई किती मन लावून गुडघा बघतात! त्यामुळं चेहरे माझ्या लक्षात राहात नाहीत, चाली राहतात. इंदापूरला एका लग्नात कुणी तरी मला वाकून नमस्कार केला. मी ओळखलंच नाही. माणूस बिचारा हिरमुसून निघाला आणि चार पावलं चालला, तेव्हा मी सगळ्या मांडवात ओरडले, "अवो, डावा गुडघा!" माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं दुसरं काही बोललेले नाही.

मोरगावच्या एका बाई होत्या, शेळ्या राखायच्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं पायाला कॅलिपर, म्हणजे दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि मध्ये सांधा असलेला आधार. दुपारी त्या झाडाखाली कॅलिपर काढून पडल्या आणि शेळीनं चामड्याचे पट्टे खाल्ले. आम्ही रेक्झिनचे लावून दिले, तेही खाल्ले. बाई म्हणाल्या, "सांधा न्हाय खाल्ला बगा. सांधा लई चांगला हाय तुमचा." एवढी सरळ शाबासकी मला फार कमी वेळा मिळाली. शेवटी दप्तराला असतो तसला नायलॉनचा पट्टा लावला. तोही शेळीनं तोंडात धरून बघितला आणि सोडला.

दसऱ्याचं तर विचारूच नका. आमच्या घरी तो दिवस दीक्षेचा. मी पांढरी साडी नेसून विहारात असते, वर्कशॉपला सुट्टी. पण गिऱ्हाइकं आपापल्या घरी हत्यारांच्या पूजेत पायही ठेवतात. झेंडूचा हार घालतात आणि हळदकुंकू वाहतात. कुठं वाहतात, तर नेमकं सांध्यावर. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात रांग. सगळ्यांचे गुडघे पिवळे-लाल, एकाचाही दुमडत नाही. देवाला वाहिलेलं म्हणून पुसायला कुणी तयार नसतं, ते काम मग माझ्याकडं येतं.

पण मला लिहायचं आहे ते सणसरच्या तात्यांविषयी.

तात्या म्हणजे उंचापुरा, धोतर नेसणारा, हसरा माणूस. घरचा ऊस आणि घरामागं स्वतःचं गुऱ्हाळ. हंगामात तिथं रस कढतो आणि गूळ होतो. आणि त्या माणसाला साखरेचा आजार. डावा पाय त्यानंच गेला, मांडीपासून. त्यांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणतं. आक्का बुटक्या, बारीक आणि धारदार. पहिल्या दिवशी ती दोघं आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "पथ्य पाळता ना?" तात्या म्हणाले, "पाळतो की." आक्का म्हणाल्या, "मी पाळते. हे पळत्यात."

तात्यांना खटक्याचा गुडघा दिला. मी त्यांना शिकवलं, "तात्या, आधी पाय सरळ करायचा. खट् वाजलं की मगच भार द्यायचा. न्हाय वाजलं तर उठायचं न्हाय." तात्या उठले, खट्. तार ओढून बसले, परत उठले, खट्. लहान मुलासारखे किती तरी वेळा उठले आणि बसले. आक्का कोपऱ्यात ऐकत होत्या. मला वाटलं, बाई धीर यावा म्हणून ऐकत आहेत. त्या काय ऐकत होत्या ते मला फार उशिरा कळलं.

काही दिवसांनी तात्या एकटेच आले. पुतण्याच्या जीपमधून. साहेब बाहेर गेले होते. माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, आवाज तेवढा बंद करता का?"

"का वो तात्या?"

"भजनात लाज वाटती. मी उठलो की खट्. टाळकरी थांबत्यात, पखवाज थांबतो. समद्यास्नी वाटतं बुवांनी इशारा दिला."

मला हसू आलं आणि खरंही वाटलं. सायकलच्या ट्यूबचा एक लहान तुकडा कापून मी जिभेच्या समोर चिकटवला. लोखंड लोखंडावर आपटेना, आवाज गेला. कुलूप मात्र पहिल्यासारखंच बसत होतं. त्यांना सांगितलं की आता कानाचं काम बोटानं करा, उठण्याआधी गुडघ्याच्या मागं दाबून बघा. तात्या उठले. काही वाजलं नाही. त्यांचा चेहरा मी क्वचित बघितला, पण त्या दिवशी बघितला. देवाचं दर्शन झालेल्या माणसाचा असतो तसा होता. भजनासाठी एवढा आनंद, मला कौतुक वाटलं.

पुढच्या खेपेला दोघंही आली. आक्का पुढं, तात्या मागं. साहेबांनी विचारलं, "काय तक्रार?"

तात्यांनी आक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं आणि मग गुडघ्याकडं. "पायाला मुंग्या आल्यात," ते म्हणाले.

"कोणत्या पायाला?"

"ह्या. तुमच्या."

आता हे आमच्याकडं रोजचं असतं. पाय गेलेला असतो, पण माणसाला तो असल्यासारखा वाटतो, त्याला खाज सुटते, मुंग्या येतात. लोक घाबरतात, म्हणून समजावून सांगावं लागतं. आधी मीच म्हणाले, "तात्या, समद्यांना येत्यात. गेल्या पायाची आठवण असती ती." मग साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. नस कशी असते, मेंदूत पायाची जागा कशी जागी राहते, सगळं सांगितलं.

तात्या म्हणाले, "तसल्या न्हायत वो सायेब."

"प्रत्येकाला वाटतं, आपल्या वेगळ्या आहेत."

"चालत्यात वो त्या!"

"हो, चालल्यासारख्याच वाटतात."

"रांगेनं चालत्यात."

"बरोबर. नसेच्या रेषेनं जाणवतं ते."

"चावत्यात बी."

"तेही जाणवतं काहींना," साहेब मायेनं म्हणाले. आक्कांनी पदर सावरला. "आता आयकलं का? मनाचं खेळ हायत समदं. पाय न्हाय तर मुंग्या कुठनं येत्यात!" तात्यांनी एकदा छताकडं बघितलं. तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवरून एक मुंगी चालत गेली. मी ती बघितली. मनात म्हटलं, आमच्या वर्कशॉपमध्ये झाडलोट नीट होत नाही. आणि बोटानं झटकून टाकली.

साहेबांनी उपाय सांगितला. समोर आरसा धरायचा आणि त्यात रोज उजव्या पायाकडं बघत बसायचं. मेंदूला वाटतं दोन्ही पाय आहेत, आणि मुंग्या थांबतात. हा खरा उपाय आहे, पुष्कळांना गुण येतो. आक्कांनी तो लगेच मनावर घेतला. सणसरला गेल्यावर घरातला मोठा आरसा खुंटीवरून निघाला. रोज सकाळी तात्या खाटेवर, आक्का समोर आरसा धरून. शेजारपाजारचे लोक बघायला येऊन जायचे. एक म्हातारी म्हणे विचारून गेली, नवरानवरीचं काही नवं व्रत आहे का.

त्यानंतर आक्का आल्या त्या एकट्याच. एकट्या म्हणजे, तात्यांच्या पायाबरोबर. पाय लुगड्यात गुंडाळून काखेत धरला होता आणि खालून बूट बाहेर आलेला. टेबलावर पाय ठेवून त्या आधी पाणी प्यायल्या आणि मग एसटीत काय झालं ते सांगितलं. कंडक्टरनं विचारलं, "आत काय हाय?" त्या म्हणाल्या, "मालकांचा पाय." कंडक्टर म्हणाला, "मालक कुठं हायत?" "घरी." त्यानं बुटाकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशे, बायांना अर्धं तिकीट हाय. पर हा पाय गड्याचा दिसतोय." सगळी गाडी हसली. आक्का म्हणाल्या, "मग त्याला उतरव खाली. चालत यील."

हे सांगून झालं, आणि आक्कांचा आवाज एकदम खाली आला. आरसा धरला असताना त्यांना तात्यांच्या उजव्या तळव्याला जखम दिसली होती. टाचेजवळ. तात्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टरांकडं नेलं तर ते म्हणाले, लवकर आलात म्हणून बरं, पण साखर फार वाढली आहे, त्यानं पायाची जाणीव चालली आहे. जखम होते आणि दुखत नाही, हेच वाईट. असंच चाललं तर हाही पाय राहणार नाही. आणि विचारलं, गोड कुठून खाता?

"मी समदं घर हुडकलं बाई," आक्का म्हणाल्या. "गुऱ्हाळाची खोली कुलपात. डबं कुलपात. ह्यांचं खिसं, उशी, पंचा, समदं झाडलं. गूळ काय सापडंना. दुपारचं मी घटकाभर पडते, तवाच कायतरी हुतंय. पयलं हे उठलं की खट् वाजायचं, मी जागी व्हयाची. 'कुठं?' म्हणलं की बसायचं गपचिप. तो आवाज म्हंजी माझा राखणदार व्हता. आता वाजतच न्हाय. तेवढा आवाज परत आणून द्या. दुसरं काय मागत न्हाय मी."

भजन, टाळकरी आणि पखवाज, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी पाना घेतला आणि गुडघा उघडला.

आतून एक मुंगी आली. मग दोन. मग त्या यायच्याच थांबेनात. टेबलावरून, पुठ्ठ्यांवरून, साहेबांच्या कागदांवरून रांगेनं निघाल्या. अगदी तात्यांनी सांगितलं होतं तशा रांगेनं.

आमचा पाय हलका असावा म्हणून पोटरी आतून पोकळ असते. गुडघा दुमडला की पुढच्या बाजूला वाटीखाली एक फट उघडते, सरळ केला की मिटते. त्या फटीतून तात्यांनी आत, आक्का झोपल्यावर दुकानातून आणलेले गुळाचे खडे सोडले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. बसलं की कपाट उघडं, उठलं की बंद, वर माझा खटका कुलपासारखा. आणि किल्ली त्यांच्या मांडीवर. एवढं पक्कं कपाट तर आक्कांकडंही नव्हतं. परत येऊन पाय काढून खाटेखाली आडवा ठेवला की गूळ दुपारच्या उकाड्यानं पाघळायचा आणि वाहत खटक्यापर्यंत यायचा. जीभ चिकटून खाचेत अर्धीच बसत होती. म्हणजे एखाद्या दिवशी तात्या उभे राहिले असते आणि गुडघा खाली बसला असता.

आक्का बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मुंग्या खऱ्या व्हत्या!"

आतून साहेब आले. त्यांनी रांग बघितली, पिशवी बघितली. "रांगेनं चालतात," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आक्काही हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. तेव्हा मला कळलं की आता हसणं संपलेलं आहे.

"ही फट बुजवून टाका," त्या म्हणाल्या.

फट बुजवणं सोपं होतं. चामड्याची एक झडप लावली की झालं. पण पाय तात्यांचा. माणूस घरी खाटेवर बसलेला आणि त्याच्या मागं त्याच्या पायात फेरफार करायचे, हे मला बरं वाटेना. आक्कांचं ऐकून आवाज परत घातला तर तात्या पुतण्याची जीप घेऊन येतील आणि बंद करायला सांगतील. मग आक्का एसटीनं येतील. हा गुडघा तसाच जन्मभर दोघांच्या मध्ये ये-जा करत राहील.

मी आक्कांना दोन दिवस थांबा म्हणाले. पुठ्ठा कापला. ट्यूबचा तुकडा चिकटवण्याऐवजी एका लहान फिरत्या चकतीवर बसवला आणि बाजूला एक कळ काढली. कळ पुढं केली की रबर बाजूला होतं, लोखंड लोखंडावर बसतं, आवाज येतो. मागं केली की रबर मध्ये येतं, आवाज नाही. कुलूप दोन्हीकडं पक्कं. मशीनला बांधून दोन दिवस पट्टे शिवले. चामड्याची झडप आणि ती ठोकून बसवायचे रिबेट पिशवीत घेतले, पण लावले नाहीत. आक्का पाय न्यायला आल्या तेव्हा मीही त्यांच्याबरोबर निघाले. एसटीत तोच कंडक्टर. म्हणाला, "आज एका पायाला दोन बाया व्हय?"

सणसर येईपर्यंत आक्का मला एकच सांगत होत्या, "तुमीच बोला. मी बोलले की भांडान हुतंय." गुडघ्याशी बोलायचं असतं तर काही नव्हतं.

तात्या खाटेवर होते. उजव्या पायाला पट्टी, समोर आरसा टेकवलेला. आक्का चहाला आत गेल्या आणि मुद्दाम भांडी वाजवायला लागल्या.

"काय घावलं?" तात्यांनी छताकडं बघत विचारलं.

"मुंग्या," मी जमिनीकडं बघत म्हणाले.

"मी सांगत व्हतो की! सायेब आयकंनात."

"व्हय. चुकलं आमचं."

"रांगेनं चालत्यात म्हणलं, तर म्हणत्यात नस. चावत्यात म्हणलं, तरी नस. आता ह्याच्या पुढं मी काय सांगणार, ही शेजारी बसलेली." ते हसायला लागले. मीही हसले. मग दोघंही थांबलो. आतली भांडीही थांबली.

त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडं बघत मी बोलायला लागले. आता आठवलं तरी नवल वाटतं. "तात्या, न्हाय त्या पायाला मुंग्या आल्या तर आमी उघडून झाडून दिऊ. कितीबी वेळा दिऊ. पर हाय त्या पायाला यायच्या बंद झाल्या, तर तो उघडून बघायला आमच्याकडं पाना न्हाय."

मी आवाज खाली आणला, लुगड्यातून पाय काढला आणि कळ पुढं-मागं करत गुडघा सरळ करून दाखवला. खट्. मग काहीच नाही. परत खट्. "हितं आवाज. हितं गप. पाय तुमचा, कळ तुमची. आक्कांना मी सांगितलेली न्हाय. आन् ही झडप आणलीया. लावायची का न्हाय, तुमी सांगा."

तात्यांनी पोटरीच्या फटीत बोट घालून बघितलं. फट रिकामी होती. मोठा श्वास घेतला. "लावा," म्हणाले. "गुळाला जागा हाय म्हणल्यावर गूळ यितोच." त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरला आणि मी हातोडीनं रिबेट मारले. आक्का चहा घेऊन आल्या, तेव्हा आम्ही दोघंही अगदी कामात होतो.

पुढं गुऱ्हाळ सुरू झाल्यावर आक्कांनी मला जेवायला बोलावलं. उजव्या पायाची जखम भरून आली होती. आरसा दारामागं होता, रोज सकाळी तळवा बघायला. जेवणं झाल्यावर आक्का मला हळूच म्हणाल्या, "ती कळ मला पयल्याच दिवशी घावली. पाय पुसायला मीच असते की. फिरवून बघितली आन् गप बसले. म्हणलं, बगू काय करत्यात." एवढं बोलून त्या चटईवर आडव्या झाल्या आणि लगेच घोरायला लागल्या.

तात्या ओट्यावर माझ्याजवळ बसले होते. मी मनातलं विचारणार नव्हतेच, पण त्यांनीच सांगितलं. "एक दिस कळ मागं केली बाई. तर ही झोपंचना. आवाज न्हाय म्हणल्यावर टक्क डोळं उघडं ठिवून बसली, खांबाला टेकून. दिसभर राबती, आन् दुपारी बी राखण. मग पुढं केली. तवापासनं घोरती बगा कशी."

आता खोक्यातून तयार गुडघे येतात. फार चांगले असतात, हलके असतात, एकालाही आवाज नसतो. साहेब ते हातात घेऊन माझ्याकडं बघतात आणि मी मान हलवते. ती होकाराची की नकाराची, हे त्यांना अजून कळत नाही. ज्यानं तो गुडघा केला त्यानं सणसरची दुपार बघितलेली नसते, त्याला मी काय नावं ठेवणार.

तर, आक्का घोरत होत्या त्या दुपारी गुऱ्हाळाकडून गरम गुळाचा वास आला. तात्यांनी पाय सरळ केला.

खट्.

"कुठं?" आक्कांनी डोळे न उघडता विचारलं.

"पावनीला गूळ आणतो."

"तिलाच," आक्का म्हणाल्या, आणि कूस बदलून परत झोपल्या.

तात्यांनी पळसाच्या पानावर गूळ आणून माझ्यापुढं ठेवला. अजून मऊ होता, त्यांच्या बोटांना लागला होता. मी नेहमीसारखी खाली बघत होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी ती बोटं तोंडाकडं नेली, मध्येच थांबवली आणि धोतराला पुसली. संध्याकाळी त्या धोतराला मुंग्या लागल्या असतील. पण धोतरालाच.